गाडीतल्या गाण्याची गोष्ट

तर झालं असं, की दीड वर्षापूर्वी आपल्या रामाने हप्त्यांवर एक गाडी घेतली. साधी हॅचबॅक, मधलं मॉडेल. बेस मॉडेल घेतलं हे चारचौघांत सांगायला नको आणि टॉप मॉडेलचा हप्ताही झेपायला नको, अशा माणसांसाठी जे बनवतात ना, ते. समोर सात इंची टचस्क्रीन, चार दारांत चार स्पीकर. शोरूममध्ये सेल्समनने गाणं लावून दाखवलं तेव्हा एकदम झकास वाटलं होतं. पण हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज सव्वा तास बसायला लागलो आणि कान हळूहळू शहाणे झाले. आवाज पंधराच्या वर नेला की तबला पत्र्याच्या डब्यावर वाजवल्यासारखा ऐकू यायचा. वीसच्या वर नेला की दाराचं प्लास्टिकही साथीला बसायचं.

मग ठरवलं, कंपनीची सिस्टीम बदलायची. आता इंजिनियरचा स्वभाव असा, की पाचशे रुपयांचा माऊस घ्यायचा तरी आधी आठवडाभर वाचन करायचं. इथे तर चाळीस हजारांचा प्रश्न होता. त्यामुळे दोन महिने वाचलं. सुरुवात 'कुठला स्पीकर घ्यावा' इथून झाली आणि गाडी कधी 'मुळात गाडीत स्पीकर आला कुठून' या फाट्याला वळली ते कळलंच नाही. स्पीकर राहिले बाजूला, इतिहासच जास्त आवडला. म्हणून हा वीकांत त्या इतिहासाला.

सुरुवात करू १९२९-३० सालच्या अमेरिकेतून. एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. विल्यम लिअर आणि एल्मर वेव्हरिंग नावाचे दोन तरुण आपापल्या मैत्रिणींना घेऊन इलिनॉयमधल्या क्विन्सी गावाजवळ मिसिसिपी नदीवरचा सूर्यास्त बघायला गेले. सगळं छान होतं, तेवढ्यात एक मैत्रीण म्हणाली, इथे गाणं असतं तर काय मजा आली असती! झालं. दोघंही रेडिओतले किडे. लागले कामाला. (गोष्टीत मीठमसाला किती ते सोडा. पण आपणही मुलींवर छाप पाडायलाच कोडिंग शिकलो असं कबूल करणारे मित्र मला माहीत आहेत, त्यामुळे माझा विश्वास बसतो.)

घरातला रेडिओ गाडीत ठेवला की झालं, असं वाटेल. पण गाडी ही रेडिओची शत्रूच म्हणायला हवी. इंजिनातला प्रत्येक स्पार्क प्लग म्हणजे एक चिमुकली वीज, आणि प्रत्येक विजेबरोबर रेडिओत 'खर्र'. त्यात जनरेटरचा आवाज वेगळा. लिअर आणि वेव्हरिंग यांनी एकेक करून हे आवाज शोधले आणि बंद केले. यात त्यांना गाठ पडली ती शिकागोच्या पॉल गॅल्व्हिनची. त्याने आणि त्याच्या भावाने १९२८ साली एक छोटी कंपनी काढली होती. घरगुती रेडिओ बॅटरीऐवजी घरच्या विजेवर चालवण्याचं उपकरण ते बनवत. पण आता रेडिओच थेट विजेवर चालणारे येऊ लागले होते, वर १९२९ ची मंदी. धंदा बुडायच्या बेतात. गॅल्व्हिनने गाडीच्या रेडिओवर सगळं पणाला लावलं.

त्याचे पुढचे किस्से मोठे मजेशीर आहेत. कर्ज मिळावं म्हणून त्याने बँकरच्या पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवून दिला, आणि अर्ध्या तासात त्या गाडीने पेट घेतला म्हणतात. कर्ज अर्थातच मिळालं नाही. मग १९३० च्या जूनमध्ये त्याने स्वतःच्या स्टुडबेकरमध्ये रेडिओ बसवला आणि अटलांटिक सिटीला रेडिओ उत्पादकांच्या मेळाव्याला गेला. आत स्टॉल घ्यायला पैसे नव्हते. त्याने गाडी बाहेर उभी केली आणि आवाज मोठा करून ठेवला. ऑर्डरी मिळाल्या. 'मोटर'ला 'ओला' जोडून त्याने नाव दिलं 'मोटोरोला'. त्या काळी 'व्हिक्ट्रोला'सारखी नावं गाण्याच्या यंत्रांना असायची, त्याच चालीवर. हे नाव इतकं चाललं, की १९४७ साली कंपनीचंच नाव मोटोरोला झालं. म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या घरात पहिला मोबाईल ज्या नावाचा आला, ते नाव मुळात कार स्टिरिओचं होतं!

आता किंमत बघा. मोटोरोलाचं पहिलं मॉडेल ११० ते १३० डॉलरला पडायचं. फोर्डची साधी मॉडेल ए गाडी तेव्हा ५०० डॉलरच्या आसपास होती. म्हणजे गाडीच्या जवळजवळ पाव किमतीचा रेडिओ. आजच्या आठ लाखांच्या गाडीत दोन लाखांची म्युझिक सिस्टीम बसवण्यासारखं झालं. ती बसवायची तर डॅशबोर्ड उचकटा, अँटेनासाठी छताचं आतलं कापड फाडा, गाडीच्या बॅटरीवर भागत नाही म्हणून फरशीखाली वेगळ्या बॅटऱ्यांचा खोका ठेवा. दोन माणसांना कित्येक तास लागायचे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण पुढे तिचाच खेळ आहे. तेव्हा 'कंपनीची सिस्टीम' नावाची गोष्टच नव्हती. गाडी बनवणाऱ्याला गाण्याशी काही देणंघेणं नव्हतं. गाण्याची हौस गाडी चालवणाऱ्याची, आणि ती पुरवणारे बाहेरचे कारागीर. डॅशबोर्ड उघडणारा माणूस हा कार ऑडिओच्या इतिहासात पहिल्या दिवसापासून आहे. कंपनी नंतर आली.

युरोपातही तेच. जर्मनीत १९३२ साली 'ऑटोसुपर एएस ५' हा युरोपातला पहिला कार रेडिओ आला. वजन साधारण १५ किलो, किंमत ४६५ राईशमार्क. तो इतका मोठा होता, की चालकाच्या हाताशी मावेना. म्हणून स्टिअरिंगजवळ त्याचा रिमोट दिला होता. स्टिअरिंगवरची बटणं हे आपल्या पिढीचं लाड वाटतं ना? ९० वर्षांपूर्वीचं आहे. बनवणाऱ्या कंपनीचं नाव तेव्हा 'इडेआल' होतं. त्यांच्या तपासून पास केलेल्या हेडफोनवर एक निळा ठिपका चिकटवलेला असे. गिऱ्हाईक दुकानात येऊन 'निळा ठिपका द्या' म्हणू लागलं, आणि १९३८ मध्ये कंपनीने तेच नाव घेतलं. निळा ठिपका, म्हणजे जर्मनमध्ये ब्लाउपुंक्ट.

बंदीची भाषाही तेव्हाच सुरू झाली. १९३० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समध्ये आणि सेंट लुई शहरात गाडीतल्या रेडिओवर बंदी घालावी असे प्रस्ताव आले. चालकाचं लक्ष विचलित होईल म्हणून. आज टचस्क्रीनबद्दल जे बोललं जातं, तेच.

पुढची पंचवीस वर्षं मी पटकन ओलांडतो. रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हना शे-दोनशे व्होल्ट लागत आणि गाडीत असत सहा. तो फरक भरून काढायला 'व्हायब्रेटर' नावाचा एक गुणगुणणारा डबा असे. मग १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि १९५५ साली क्रायस्लरने फिल्को कंपनीकडून बनवून घेतलेला पूर्ण ट्रान्झिस्टरचा कार रेडिओ दिला. किंमत १५० डॉलर, म्हणजे अजूनही श्रीमंतांचाच. पण व्हॉल्व्ह गेले, व्हायब्रेटर गेला, बॅटरीवरचा भार गेला.

त्याच क्रायस्लरने १९५६ च्या गाड्यांमध्ये एक अचाट गोष्ट दिली. चालत्या गाडीत रेकॉर्ड प्लेअर! नाव 'हायवे हाय-फाय'. एलपी रेकॉर्ड घडवणाऱ्या पीटर गोल्डमार्कचंच हे डोकं. सात इंची तबकडी, मिनिटाला सोळा आणि दोन तृतीयांश फेरे. तबकड्या खास बनवाव्या लागत आणि एकाच कंपनीकडे मिळत. सुई उडू नये म्हणून ती दाबून बसवलेली, त्यामुळे तबकडी लवकर झिजे. थोड्याच वर्षांत प्रकरण गुंडाळलं. यातला धडा आपल्या क्षेत्रातल्या मंडळींना नवा नाही: बंद फॉरमॅट आणि एकच पुरवठादार असला, की वस्तू कितीही हुशार असो, टिकत नाही.

आणि आता आपला जुना दोस्त विल्यम लिअर परत येतो. मधल्या काळात तो विमानांकडे वळला होता. लिअरजेट हे खाजगी जेट विमान ऐकलंय ना? तोच हा लिअर. त्या विमानाने १९६३ मध्ये पहिलं उड्डाण केलं. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात अर्ल मुंट्झ नावाचा एक भन्नाट व्यापारी गाड्यांत टेपची कार्ट्रिज वाजवणारी यंत्रं विकत होता. लिअरने ती पाहिली आणि त्यावर आपली सुधारित आवृत्ती काढली, आठ ट्रॅकची. फोर्डने ती १९६६ च्या मॉडेल्समध्ये कारखान्यातूनच बसवून दिली, आणि ते प्लेअर बनवले कुणी? मोटोरोलाने! नदीकाठी सुरू झालेलं वर्तुळ पूर्ण झालं म्हणायचं.

एट-ट्रॅक म्हणजे न संपणारी टेप. तिची दोन टोकं एकमेकांना जोडलेली, आणि तिच्यावर शेजारी शेजारी चार कार्यक्रम. एक संपला की हेड 'खट्' करून पुढच्या पट्टीवर सरकायचं. गाणं मध्येच तुटायचं, आणि टेप मागे नेता यायची नाही. तरीही लोक खुळे झाले, कारण पहिल्यांदाच रस्त्यात स्वतःच्या पसंतीचं गाणं लावता आलं. पण १९६३ मध्येच फिलिप्सने एक छोटी, साधी कॅसेट आणली होती. तिच्यावर घरच्या घरी रेकॉर्डिंग करता यायचं आणि ती मागेपुढे नेता यायची. शेवटी तीच जिंकली, आणि इतकी जिंकली, की अमेरिकेत कारखान्यातून कॅसेट प्लेअर बसवून आलेली शेवटची नवी गाडी, लेक्सस एससी ४३०, थेट २०१० च्या मॉडेलपर्यंत मिळत होती.

सत्तरच्या दशकात पुन्हा बाहेरच्यांचे दिवस आले. गाडी कंपन्या साधे रेडिओ देत होत्या आणि जपानी कंपन्या भारी कॅसेट डेक विकत होत्या. गाडी घ्यायची आणि थेट दुकान गाठायचं, हा रिवाज झाला. गाडी कंपन्यांना कळलं, की पैसा हातचा जातोय. आणि इथे आपल्या गोष्टीत एक बंगाली बाबू येतो.

अमर बोस. जन्म १९२९, फिलाडेल्फिया. वडील नोनी गोपाल बोस हे स्वातंत्र्य चळवळीतले क्रांतिकारक, इंग्रजांच्या हातून निसटून अमेरिकेत आलेले. मुलगा लहानपणी रेडिओ दुरुस्त करून घराला हातभार लावायचा. पुढे एमआयटीत शिकला, तिथेच प्राध्यापक झाला, आणि १९६४ मध्ये कंपनी काढली. १९७९ मध्ये त्याच्या कंपनीने जनरल मोटर्सबरोबर काम सुरू केलं आणि १९८३ च्या कॅडिलॅक सेव्हिलसारख्या मॉडेल्समध्ये ती सिस्टीम कारखान्यातूनच बसून आली.

यामागचा विचार मला फार आवडला. गाडी ही आवाजासाठी वाईट जागा, असं सगळे मानत होते. काच आवाज परतवते, गादी शोषते, माणूस एका कोपऱ्यात बसतो. पण उलटं बघा. घरात सोफा कुठे आहे, पडदे जाड की पातळ, हे स्पीकर बनवणाऱ्याला कधीच ठाऊक नसतं. गाडीत मात्र सगळं ठाऊक असतं! माणूस कुठे बसणार, काच कुठे, कापड कुठलं, सगळं इंचाइंचाने ठरलेलं. मग त्या एका गाडीसाठी, त्या एका सीटसाठी आवाज घडवता येतो. इनपुट निश्चित असलं की कोड सोपा होतो, तसंच हे.

म्हणजे 'कंपनीची सिस्टीम म्हणजे भंगार' हा दुकानदारांचा लाडका मंत्र पूर्ण खरा नाही. कंपनीला चांगलं करता येतं. फक्त मधल्या मॉडेलमध्ये ते करायचं नसतं, कारण एका गाडीमागे वाचलेले दोनशे रुपये गुणिले लाख गाड्या असा तो हिशोब असतो. म्हणून पातळ कागदाचा कोन, छोटं चुंबक आणि बारीक वायर.

या सगळ्यात आपण कुठे होतो? १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तेव्हा आपल्याकडच्या साध्या गाड्यांच्या डॅशबोर्डवर डेकच्या जागी बहुधा एक कोरी पट्टी असायची. म्हणजे आपण १९३० च्या अमेरिकेतच होतो! गाडी कंपनीची, गाणं ज्याचं त्याचं. माझ्या बाबांनी २००१ साली सेकंडहँड मारुती ८०० घेतली. पहिल्याच रविवारी ती नाना पेठेत नेली. वायरिंगवाल्या काकांनी दुपारभर खटपट करून कॅसेट डेक बसवला आणि मागच्या काचेखालच्या फळीवर दोन लंबगोल स्पीकर. त्या डेकचा पुढचा भाग चोरीच्या भीतीने काढून ठेवता यायचा. वाईला ढोल्या गणपतीच्या दर्शनाला गेलो की बाबा तो भाग काढून शर्टाच्या खिशात ठेवायचे. गाभाऱ्यात हात जोडून उभे असलेले बाबा आणि खिशातून डोकावणारं ते काळं प्लास्टिक, हे चित्र माझ्या डोक्यात पक्कं आहे. कॅसेट एकच, भीमसेनांचे अभंग. घासून घासून तिचा आवाज जाड झाला होता.

त्या कारागिरांचं काम सोपं केलं ते एका जर्मन मानकाने. १८० बाय ५० मिलिमीटर. डॅशबोर्डमधला हा खाचा ऐंशीच्या दशकात ठरला आणि जगभर पसरला. 'सिंगल डिन' म्हणतात तो हाच. उंची दुप्पट केली की 'डबल डिन'. या एका चौकटीमुळे कुठल्याही गाडीत कुठल्याही कंपनीचा डेक बसायला लागला. १९८४ मध्ये पायोनियरने सीडी वाजवणारा डेक आणला, तोही या चौकटीमुळे जुन्या गाड्यांत बसला. मानक ठरलं की बाजार फुलतो, हे आपण यूएसबीत पाहिलंच आहे.

पण बाजार फुलला की थापाही फुलतात. नव्वदीतल्या डेकवर लिहिलेलं असायचं '५० वॅट गुणिले ४'. हे ५० आले कुठून? बारावीचं फिजिक्स काढा. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात. स्पीकर ४ ओहमचा. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम: २०७ भागिले ४, म्हणजे ५१.८. हे घ्या ५० वॅट! फक्त हा आकडा तेव्हाच खरा, जेव्हा ॲम्प्लिफायर पूर्ण फाटून, सुराऐवजी चौकोनी लहर बाहेर टाकतोय. शुद्ध सुराला याच्या निम्मे, २६. ट्रान्झिस्टरमधला तोटा वजा केला की उरतात १८ ते २० वॅट. पन्नासातले तीस हवेत! अखेर २००३ मध्ये अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक्स उत्पादकांच्या संघटनेने 'सीईए-२००६' नावाचा नियम केला. १४.४ व्होल्ट, ४ ओहम, विकृती एक टक्क्याच्या आत, आणि मग जो येईल तोच वॅटचा आकडा छापा. पण नियम ऐच्छिक. त्यामुळे आजही खोक्यावरचा '१००० वॅट' वाचून हसायचं आणि पानाच्या मागच्या बाजूला 'आरएमएस' शोधायचं.

मग ती सुंदर चौकट हळूहळू नाहीशी झाली. २००१ च्या बीएमडब्ल्यू ७ सीरिजमध्ये आवाज प्रकाशाच्या तारेतून, 'मोस्ट' नावाच्या नेटवर्कवरून धावायला लागला. पुढे साध्या गाड्यांतही स्क्रीन डॅशबोर्डमध्येच घडवलेली यायला लागली. मागचा कॅमेरा तीवरच, पार्किंगचा बीप तिच्यातूनच, गाडीच्या सेटिंग तिच्यातच. ती काढायची सोयच नाही. शिवाय अनेक गाड्यांत ती आवाज वाढवला की गुपचूप बास कमी करते, स्वस्तातला स्पीकर फाटू नये म्हणून. म्हणजे बाहेरून भारी स्पीकर लावलात तरी आतलं सॉफ्टवेअर त्याला बिचारा कागदी स्पीकरच समजणार. डॅशबोर्ड उघडणाऱ्या माणसाने ९० वर्षांत पहिल्यांदा कुलूप पाहिलं, आणि ते कुलूप आपल्यासारख्यांनीच लिहिलेल्या कोडचं. हे वाचताना जरा ओशाळल्यासारखं झालं, खोटं का बोला.

त्यावरही तोड निघालीच. स्क्रीन जागेवर ठेवायची, स्पीकरकडे जाणारा सिग्नल घ्यायचा, तो डीएसपी नावाच्या छोट्या कॉम्प्युटरमधून सरळ करायचा आणि मग ॲम्प्लिफायरला द्यायचा. मीही हाच मार्ग घेतला. कंपनीच्या कनेक्टरमध्ये बसणारं कपलर घेतलं, त्यामुळे कंपनीची एकही वायर कापली नाही. (वॉरंटी आहे हो अजून. कपलर वापरा, वायर कापू नका. हा या निबंधातला एकमेव आर्थिक सल्ला.)

एका शनिवारी मी आणि एका मित्राने मिळून सगळं बसवलं. पुढच्या दारांत नवे स्पीकर, सीटखाली ॲम्प्लिफायर आणि सबवूफर. बॅटरीपासून जाड वायर, बॅटरीजवळच फ्यूज. इंजिन सुरू केलं आणि... 'ईईईई'. ॲक्सिलरेटर दाबला की सूर वर, सोडला की खाली. यालाच अल्टरनेटर व्हाइन म्हणतात. दोन तास डोकं खाजवल्यावर कळलं, अर्थिंगची वायर मी रंग न खरवडताच बॉडीला कसली होती. पत्रा घासून पुन्हा कसली. शांत! गंमत बघा, १९३० मध्ये गाडीतला खरखराट शोधत फिरणारा एल्मर वेव्हरिंग आठवतोय? त्याच्याच देखरेखीखाली पुढे मोटोरोलाने गाडीसाठी अल्टरनेटर विकसित केला. एक आवाज घालवला, दुसऱ्याची सोय करून ठेवली!

मी जाम खूश. रविवारी आईबाबांना घेऊन वाईला निघालो. भीमसेनांचे अभंग मुद्दाम लावले, आता कॅसेटऐवजी फोनवरून. पखवाज असा घुमत होता, की आरसा थरथरत होता. मी वाट बघतोय कौतुकाची. शिवापूर गेलं, शिरवळ गेलं. शेवटी बाबा म्हणाले,

"अरे, आवाज मोठा झालाय खरा. पण शब्द कुठे गेले?"

मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला जुन्या डेकची सवय आहे."

"असेल बाबा," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

ते बघणं मला लागलं. बाबांना गेल्या दोन वर्षांपासून थोडं कमी ऐकू येतं. वयाने आधी वरचे स्वर जातात. त, स, ख, फ अशा व्यंजनांची ओळख ज्यांच्यावर अवलंबून, ते हेच स्वर, दोन-चार हजार हर्ट्झचे आणि त्याहून वरचे. त्यात जोरदार खालचा स्वर वरच्या स्वरांना झाकून टाकतो, हा कानाचाच धर्म. म्हणजे मी चाळीस हजार खर्चून, बाबांना जे थोडंफार ऐकू येत होतं त्यावर पांघरूण घातलं होतं. मी सिस्टीम कुणासाठी अपग्रेड केली होती? पार्किंगमध्ये मित्रांना ऐकवण्यासाठी?

परतल्यावर पुन्हा दारं उघडली, आणि या वेळी उलट्या क्रमाने कामाला लागलो. खरं तर सगळे जाणते इथूनच सुरुवात करायला सांगतात. दाराचा आतला पत्रा म्हणजे भोकांची चाळण. स्पीकरच्या पुढून निघालेली लहर आणि मागून निघालेली उलटी लहर त्या भोकांतून भेटतात आणि एकमेकींना मारतात. म्हणून आधी भोकं बंद करायची, पत्र्याला रबराची ॲल्युमिनियमवाली शीट चिकटवायची. टायरचा आवाजही त्याने थोडा उतरतो. जेवढा रस्ता गप्प, तेवढं गाणं कमी आवाजात पुरतं. मग डीएसपीमध्ये सबवूफर निम्म्याहून खाली आणला. दाराचा जो भाग गुंजत होता तिथले स्वर थोडे कापले, शब्दांच्या पट्टीला हात लावला नाही.

शेवटचं म्हणजे वेळेचं गणित. चालक उजवीकडे बसतो, म्हणून उजवा स्पीकर त्याला डाव्यापेक्षा साधारण अर्धा मीटर जवळ. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे फरक दीड मिलिसेकंदाचा. एवढ्याने गायक मधोमध न उभा राहता उजव्या दारात येऊन बसतो. उजव्या स्पीकरला तेवढा उशीर द्यायचा, की तो समोर काचेवर येतो. मी मात्र दुसरी सेटिंग केली. ती डावीकडच्या सीटसाठी. बाबांच्या. अमर बोसचाच विचार, माणूस कुठे बसणार हे ठाऊक आहे. डीएसपीमध्ये दोन बटणं आहेत, एक माझं, एक त्यांचं.

गेल्या रविवारी पुन्हा गेलो. पखवाज आता आरसा हलवत नाही. खंबाटकी चढताना बाबा हळूच गुणगुणायला लागले, शब्दांसकट. घाट उतरल्यावर म्हणाले, "आता बरं आहे." ज्यांनी बँकेत ३४ वर्षं नोकरी केली आहे त्यांच्याकडून 'बरं आहे' म्हणजे डिस्टिंक्शन, हे ज्यांचे वडील असे आहेत त्यांना कळेल.

असो. लिअर, वेव्हरिंग, गॅल्व्हिन, बोस आणि नाना पेठेतले वायरिंगवाले काका, सगळ्यांनी एकच काम केलं. कारखान्यातून जे आलं, किंवा आलंच नाही, ते उघडलं आणि समोर बसलेल्या माणसाला ऐकू जाईल असं केलं. उद्या गाड्यांत डॅशबोर्ड उघडता येईल की नाही, सांगता येत नाही. आज येतोय, तोवर उघडून घ्या. फक्त उघडण्याआधी शेजारी बसणाऱ्याला विचारा, तुम्हाला काय ऐकू येत नाही?

मी विचारलं नव्हतं, म्हणून एक शनिवार वाया गेला. आता मागच्या सीटवरून आईची तक्रार आली आहे, की मागे काहीच ऐकू येत नाही. पुढचा वीकांत तिकडे!